छपाईच्या प्रतीत घोड्याच्या कानाभोवती पांढरी कड: शार्पनिंग किती आणि केव्हा करावे?

तापीकाठ (शहादा):
नमस्कार. सारंगखेड्याच्या यात्रेत टिपलेल्या एका घोड्याच्या छायाचित्राची १२ बाय १८ इंचाची प्रत मी फ्रेमसाठी छापून घेतली. संगणकावर आयाळीचा केस न् केस सुटा दिसत होता. कागदावर मात्र कानांभोवती, आकाशाच्या बाजूने, पांढरट कड उमटली आणि मागे उडालेली धूळ वाळू पेरल्यासारखी खरखरीत झाली. मूळ जेपेगमधून ३००० बाय २००० पिक्सेलांचा भाग कापला, शार्पनिंगसाठी (कडा ठळक करण्यासाठी) अनशार्प मास्क या साधनात रेडियस (परिणामाची रुंदी) २ आणि अमाउंट (परिणामाचा जोर) २०० ठेवले, आणि त्यानंतर छपाईसाठी आकार वाढवला. चूक कोठे झाली असावी?

भुसावळकर:
अमाउंट जास्त आहेच, पण खरी चूक क्रमात आहे. इंचामागे ३०० पिक्सेल धरल्यास या आकाराला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे तुम्ही चित्र १.८ पट वाढवले आणि शार्पनिंगची कडही तेवढीच रुंदावली. दोन पिक्सेलांची कड साडेतीनच्या वर गेली. कागदावर ती सुमारे ०.३ मिलिमीटर भरते आणि मोकळ्या आकाशापुढे डोळ्यांना खुपतेच. अनशार्प मास्क नवा तपशील आणत नाही, तो कडेची उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद करतो. शिवाय जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच थोडे शार्पनिंग केलेले असते, म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. आधी नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) आणि रंग, मग छपाईचा आकार, आणि अगदी शेवटी शार्पनिंग: रेडियस १ ते १.५, अमाउंट १०० च्या आसपास.

केळीबाग (रावेर):
वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानांची छायाचित्रे छापताना मलाही हीच कड छळत असे. शार्पनिंग वेगळ्या लेयरवर (चित्रावरच्या थरावर) करून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची रीत) ल्युमिनॉसिटी, म्हणजे फक्त उजेडापुरता, ठेवावा, म्हणजे कडांना रंगीत झाक येत नाही. आणि त्या लेयरला मास्क (नको तो भाग झाकणारे आवरण) लावून डोळा, आयाळ व लगाम एवढ्यांवरच ते राहू द्यावे. धूळ आणि आकाश यांना हात लावू नये. मॅट कागदात शाई थोडी पसरते, त्यामुळे त्याला ग्लॉसीपेक्षा जास्त शार्पनिंग सोसते. लॅबमध्ये स्वतंत्र शार्पनिंग होते का, हेही विचारून घ्यावे.

भुसावळकर:
एक राहिले. चाचणीसाठी संपूर्ण चित्र लहान करून छापू नका, कारण त्यात कड झाकली जाते. अंतिम फाइलमधूनच १८०० बाय १२०० पिक्सेलांचा, कान आणि डोळा येईल असा तुकडा कापून ६ बाय ४ इंचावर छापा.

तापीकाठ (शहादा):
आपण सांगितल्याप्रमाणे रॉ फाइलवरून पुन्हा काम करून तुकडा छापला. कानाची कड गेली आणि धूळही धुळीसारखी दिसते. डोळा मात्र अजून मऊ आहे. मूळ फाइल पाहिल्यावर फोकस आयाळीवर पडल्याचे लक्षात आले, तेव्हा तेथे शार्पनिंग वाढवत बसलो नाही.