पिझ्झा म्हणे अमेरिकन!

अर्धाकटिंग
काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं की पिझ्झा मुळात अमेरिकन, इटलीवाल्यांनी नंतर आपला म्हणून खपवला. आधार काय तर पार्मा विद्यापीठातले खाद्यइतिहासाचे प्राध्यापक आल्बेर्तो ग्रांदी यांची २०२३ ची फायनान्शियल टाइम्समधली मुलाखत. अहो, ती पूर्ण वाचली का? दुसऱ्या महायुद्धाआधी दक्षिण इटलीतल्या मोजक्या शहरांत गरीब लोक रस्त्यावर पिझ्झा खायचे असं तेच सांगतात, म्हणजे होता ना! फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमाने १८४३ मध्ये लिहिलंय की नेपल्सचा फाटका माणूस उन्हाळ्यात कलिंगडावर जगतो आणि थंडीत पिझ्झ्यावर. तिथे उधारीचा पिझ्झापण मिळायचा, आज खा, पैसे आठ दिवसांनी. उधारी चालते म्हणजे पदार्थ गल्लीतलाच असणार. १८४३ ला अमेरिकेत कोण पिझ्झा थापत बसलं होतं ते सांगा.

रस्सा_जास्त
तो ‘एकाने’ म्हणजे मी, नाव घ्यायला काय झालं? नेपल्स म्हणजे अख्खी इटली नव्हे. पिनोकिओवाला कोलोदी, फ्लॉरेन्सचा, त्याला पिझ्झा बघून किळस आली, विकणाऱ्यासारखाच कळकट दिसतो म्हणाला. ग्रांदींच्या वडिलांना १९७० च्या दशकातही पिझ्झा आज आपल्याला सुशी वाटते तितका परका होता. तोवर अमेरिकेत पिझ्झा हट (१९५८) आणि डॉमिनोज (१९६०) जोरात. बाहेर कौतुक झालं की घरच्यांना किंमत कळते, याला पिझ्झा इफेक्टच म्हणतात, आणि तो शब्द काढला अगेहानंद भारतींनी १९७० मध्ये, जन्माने ऑस्ट्रियन, दशनामी संन्यासी. योगाचं आपण तेच केलं.

चिकूचीआई
भांडताय कशाला, इटलीच्या मार्गेरिता राणीसाठी १८८९ मध्ये नेपल्सच्या एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा केला ना पहिला?

काठावर_पास
गोष्ट गोड आहे ताई, पण पुरावा म्हणून त्या पिझ्झावाल्याच्या दुकानात लावलेल्या राजवाड्याच्या पत्राचा शिक्का आणि अक्षर दोन्हींवर अभ्यासकांना शंका आहे, आणि मोझरेला नि बेझिल घातलेल्या पिझ्झ्याचं वर्णन १८६६ च्या पुस्तकातच सापडतं. बाकी टोमॅटो तरी कुठे इटलीचा? अमेरिका खंडातूनच आला. तसं बघितलं तर आपली साबुदाणा खिचडी घ्या, साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, वर दाणे, बटाटा, मिरची. तूप-जिरं सोडलं तर सगळी कोलंबसाची कृपा.

भगरवाले_नाना
झालं, पिझ्झ्यावरून उपासावर! दरवेळी आमच्याच चालीरीतींवर घसरायचं. आमच्या आजीने जन्मात साबुदाण्याला हात लावला नाही. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, बस्स.

काठावर_पास
दाण्याची? दाणेपण तिकडचेच हो नाना.

भगरवाले_नाना
आजीपर्यंत जायचं काम नाही! चार बुकं वाचली की शिंगं फुटतात.

चिकूचीआई
आमच्याकडे सासूबाईंना उपासाला कोथिंबीर चालत नाही पण साबुदाणा वडे चालतात. नियम कोणी केले विचारलं तर दोन दिवस अबोला. बटाटा चालतो आणि टोमॅटो नाही, दोन्ही एकाच बोटीतून आलेले, हे मला आज कळतंय, आज रात्री विचारू का?

रस्सा_जास्त
विचारा, आणि मग धागा काढा. नाना, रताळंपण तिकडचंच बरं का.

भगरवाले_नाना
मग उपासाला खायचं काय आम्ही, पिझ्झा?

अर्धाकटिंग
धागा माझा, विषय पिझ्झा, आणि मी दोन तास उपासाचे पदार्थ वाचतोय. रस्साभाऊ, ठीक आहे, जगभर पोचवला अमेरिकेने, मान्य, घ्या, मिरवा. पण तिथे गेलेला माणूस नेपल्सचाच होता, आणि डॉमिनोजने २०१५ ला इटलीत दुकान मांडलं ते २०२२ ला गुंडाळलं.

रस्सा_जास्त
‘मान्य’ एवढंच वाचलं.