मित्राची कार्डांची थकबाकी घराच्या कर्जात वळवावी का?

शून्यशिल्लक:
मित्र आणि त्याची बायको, दोघंही नोकरीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,04,000, घरखर्च 48,000. घराची किंमत अंदाजे 60 लाख. त्यावर गृहकर्ज 22 लाख बाकी, 9 टक्के, 12 वर्षं उरलीत, हप्ता 25,000. पर्सनल लोन 5 लाख बाकी, 15 टक्के, 36 हप्ते राहिलेत, दरमहा 17,300. शिवाय तीन क्रेडिट कार्डांवर मिळून 4 लाख, व्याज महिना 3 टक्के. तिथे फक्त किमान रक्कम जाते, सुमारे 20,000.

दुसऱ्या बँकेचा एजंट म्हणतोय, सगळं आमच्याकडे आणा, 31 लाखांचं एकच कर्ज करू, 12 वर्षांसाठी. हप्ता 35,300, म्हणजे महिन्याला 27,000 मोकळे. दोघंही हरखून गेलेत. मी जामीन राहीन का, असंही विचारलंय. रविवारी त्यांच्याकडे कागद घेऊन बसायचंय. नेमकं काय तपासू?

चक्रवाढ:
एजंटने हप्ता सांगितला, एकूण व्याज सांगितलं नाही. ते आधी काढा.

पर्सनल लोन आहे तसं चालू ठेवलं तर उरलेल्या 36 महिन्यांत व्याज जाईल 1.24 लाख. तेच 5 लाख 9 टक्क्यांनी 12 वर्षांवर पसरले की हप्ता 5,700 वर येतो, पण व्याज होतं 3.19 लाख. दर कमी, मुदत चौपट. हा सौदा स्वस्त दिसतो इतकंच.

कार्डांचं गणित उलटं आहे. 4 लाखांवर महिना 12,000 व्याज. ते 20,000 भरतात, पण महिन्याची तूट सहा हजारांच्या वर आहे (तुमच्याच आकड्यांची बेरीज करून बघा) आणि ती बहुधा पुन्हा कार्डावरच जाते. म्हणजे वीस हजार भरून मुद्दल जेमतेम दोन हजारांनी उतरतं. हेच 4 लाख 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 8,300 आणि पाच वर्षांचं सगळं व्याज मिळून 98,000, म्हणजे कार्डांच्या सव्वाआठ महिन्यांच्या व्याजाइतकं. कार्डं वळवा, पर्सनल लोनला हात लावू नका. घरखर्च धरून दरमहा पाच हजारांच्या वर शिल्लक राहील.

गहाणखत:
चक्रवाढ यांच्याशी सहमत, पण एक पायरी सुटली. 4 लाखांसाठी अख्खं कर्ज हलवायचंच कशाला? प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, वकिलाची तपासणी, नवीन तारणाची नोंद हा खर्च बहुतेक करून पूर्ण रकमेवर बसतो. सगळं मिळून दीड टक्का धरला तर 26 लाखांवर (जुने 22 अधिक कार्डांचे 4) 39,000. गरज 4 लाखांची, म्हणजे त्या पैशाचा जवळजवळ दहा टक्के खर्च पहिल्याच दिवशी. त्यात जुनं कर्ज ठरलेल्या दराचं असलं तर मुदतीआधी फेडण्याचा दंड वेगळा. म्हणून आधी सध्याच्या बँकेकडे टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज, मागा. कागद त्यांच्याकडेच असतात, कामही लवकर होतं. टॉप-अप वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या मुदतीवर मागा. जुन्या कर्जात मिसळलं की ते आपोआप 12 वर्षांचं होतं. व्याज? 98,000 ऐवजी अडीच लाखांच्या वर.

पूर्ण बदली तेव्हाच, जेव्हा नवीन दर मूळ 22 लाखांवरही ठळक कमी असेल आणि त्या बचतीतून वरचा खर्च दोनेक वर्षांत निघत असेल.

रविवारी हे समोर हवं: प्रत्येक कर्जाचं फोरक्लोजर स्टेटमेंट (आजची बाकी, दंड, रोजचं व्याज), सहा महिन्यांचे बँक उतारे, दोघांचे क्रेडिट रिपोर्ट. नातेवाइकांचे हातउसने रिपोर्टात दिसत नाहीत, ते तोंडी विचारा. आणि दोघं समोर असतानाच विचारा. एकाने दुसऱ्यापासून लपवलेलं चौथं कार्ड निघणं हे अजिबात दुर्मीळ नाही.

पैपै:
पाच हजारांची शिल्लक फार बारीक आहे. फ्लोटिंग (बदलता) दर एक टक्का वाढला की 22 लाखांचा हप्ताच 1,250 ने वाढतो, आणि एक मोठं दुखणं आलं की पुन्हा कार्ड बाहेर येणार. टॉप-अप 5 ऐवजी 7 वर्षांचं घ्या. हप्ता 6,440, व्याज 1.41 लाख, शिल्लक सव्वासात हजार. तीन वर्षांनी पर्सनल लोन संपेल तेव्हा टॉप-अपचे 2.59 लाख उरलेले असतील. सुटलेले 17,300 दरमहा त्यातच भरले तर उरलेलं वर्षभराच्या आत फिटतं. फक्त मुदतीपूर्वी फेडीवर दंड नाही, हे बँकेकडून लेखी घ्या.

शून्यशिल्लक:
हे पटलं. जामिनाचं काय? आणि एजंट म्हणतो, अर्ज मंजूर होईपर्यंत कार्डांचे पैसे भरू नका, तसंही सगळं फिटणारच आहे.

गहाणखत:
त्या एजंटला दारातूनच परत पाठवा. एक हप्ता जरी चुकला तरी रिपोर्टात दिसतो. बँक पैसे सोडण्याआधी रिपोर्ट पुन्हा काढू शकते आणि मंजूर झालेलं कर्ज तिथेच अडकतं. शेवटच्या दिवसापर्यंत सगळीकडे किमान रक्कम गेलीच पाहिजे. दरम्यान चार बँकांकडे अर्जही टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

जामीन राहू नका. जामीनदार अर्ध्याचा नसतो, हप्ते थकले की बँक पूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येऊ शकते. ती जबाबदारी तुमच्या रिपोर्टातही चढते आणि उद्या तुम्हालाच कर्ज हवं असेल तर पात्रता कमी होते. तसंही 60 लाखांच्या घरावर 26 लाख म्हणजे 43 टक्के. एवढं तारण असून बँक जामीन मागत असेल तर तिला उत्पन्नाबद्दल शंका आहे, आणि मग ती शंका तुम्हालाही यायला हवी.

चक्रवाढ:
मित्राला एक गोष्ट स्पष्ट सांगा. कार्डाचं कर्ज बिनतारणी आहे. ते बुडालं तर फोन येतील, नोटिसा येतील, पत खराब होईल. टॉप-अपमध्ये गेलं की त्याच 4 लाखांमागे घर उभं राहतं. घरातल्या एकाची नोकरी डळमळीत असेल तर टॉप-अप थांबवा आणि आधी कार्ड कंपनीकडे व्याज गोठवून हप्ते बांधून मिळतात का ते विचारा.

दुसरं, कार्डं मोकळी झाली आणि महिन्याची सहा हजारांची तूट तशीच राहिली तर 3 टक्क्यांनी 37 महिन्यांत पुन्हा 4 लाख होतात. तेव्हा टॉप-अपही चालू असेल.

पैपै:
पैसे सुटतील तेव्हा ते बचत खात्यात घेऊ नका. बँकेकडून थेट कार्ड खात्यांवर पाठवायला सांगा. रक्कम भरायच्या दिवसाचीच घ्या, आठवडा जुन्या आकड्यावर भरलं की बाकी राहते. पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज येतं, शे-दोनशे किंवा हजारभर. ‘संपलं’ समजून ते कुणी बघत नाही आणि त्यावर उशिराचा दंड चढत जातो. म्हणून पुढचं बिल येऊ द्या, तेही भरा. विजेचं बिल, विम्याचा हप्ता असं जे काही कार्डावरून आपोआप कापलं जातं ते बँक खात्यावर वळवा. मग दोन कार्डं लेखी बंद करून ना-देय पत्र घ्या. तिसरं ठेवायचंच असेल तर मर्यादा एका महिन्याच्या किराण्याएवढी करून घ्या.