देआत्नूवरची सामनबंदी सामींनाही तशीच लावावी का?

उत्तरवारा

नॉर्वे आणि फिनलंडच्या सरहद्दीवरून वाहत बॅरेंट्स समुद्राला मिळणारी एक नदी आहे. नॉर्वेजियन लोक तिला ताना म्हणतात, फिनिश लोक तेनो. काठी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या सामी आदिवासींची ती देआत्नू, म्हणजे थोरली नदी. गळाला लागलेला आजवरचा सगळ्यात मोठा अटलांटिक सामन (सॅल्मन मासा) इथलाच, ३६ किलोचा, १९२८ सालचा. (आपल्या हॉटेलांत 'इंडियन सामन' म्हणून वाढतात तो रावस. त्याचं याच्याशी नातं नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.)

२०२१ साली या नदीत सामन धरायला पूर्ण बंदी आली, आणि पुढच्या हंगामांतही ती उठली नाही. विमानातून गळ घेऊन उतरणारा हौशी पाहुणा आणि काठावरचा सामी, दोघांना नियम एकच. माझी तक्रार एवढीच आहे.

इथे 'बुओद्दू' नावाची रीत आहे. प्रवाहात काठ्या रोवून, फांद्या लावून कूड घालायचा आणि त्याच्या टोकाला जाळं बांधायचं. कूड कुठे घालायचा हे पाण्याची पातळी आणि तळ बघून ठरतं, आणि ते आजोबांसोबत पाण्यात उभं राहूनच कळतं. भाषाही तिथेच शिकली जाते. सामन म्हणजे लुओस्सा, समुद्रात एकच हिवाळा काढून आलेला लहान तो दिद्दी, मादी ती दुओव्वी. बंदी आली तेव्हा सहा वर्षांचं असलेलं पोर हे काहीच न बघता मोठं होतंय.

त्याआधी २०१७ च्या करारानंही पारंपरिक मासेमारीला चांगलीच कात्री लावली होती. दोन्ही देशांच्या सामी संसदांचा विरोध असताना तो झाला. त्या उन्हाळ्यात काही सामींनी चेआरेत्सुओलू बेटावर तळ ठोकून 'इथे सरकारचा नियम चालणार नाही' असं जाहीर केलं. नदीवरून रेघ मारली १७५१ मध्ये, दोन राजांनी. मासा तरी तेव्हापासून पासपोर्ट काढतोय का?

अळूवडी

पासपोर्टचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण मासा त्याहून कडक नियम पाळतो. ज्या उपनदीत जन्मला, तिथेच तो अंडी घालायला परत येतो. त्यामुळे 'देआत्नूचा सामन' अशी एकच जात-बिरादरी नाही. जनुकं तपासल्यावर तीसेक वेगवेगळी कुळं निघाली. खालच्या काही उपनद्यांतली बरी आहेत. वर उगमाकडच्या कारासयोहका, इएश्योहका, अनारयोहका यांची अवस्था वाईट आहे, आणि मोठा मासा तिथलाच असायचा.

आता मुख्य नदीत जाळं लावलं की सगळी कुळं एकत्र अडकतात. त्यातही 'गोल्गादात', म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला पुराच्या पाण्यावर सोडायचं वाहतं जाळं. आधी वर चढतात त्या समुद्रात तीन-चार वर्षं काढून आलेल्या, गाभोळीनं भरलेल्या थोराड माद्या. किलोमागे साधारण दीड हजार अंडी धरा. दहा किलोची एक दुओव्वी काढली म्हणजे पंधरा हजार अंडी गेली. बीच विकून खाल्लं तर पेरणार काय?

उत्तरवारा

गणित मान्य. पण हे मासे कमी झाले ते समुद्रात. नदीतून पिल्लं उतरतात आणि समुद्रातून पूर्वीइतकी परत येत नाहीत. मग किंमत नदीकाठच्यांनीच का मोजायची?

अळूवडी

कारण समुद्र गरम होतोय त्याला नियम लावता येत नाही. हातात असलेलं समुद्रातही केलंय. नॉर्वेनं समुद्रातली वाहती जाळी १९८९ मध्येच बंद केली. २०२१ ला तानाफ्योर्डमधल्या, म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीतल्या, जाळ्यांवरही बंदी आली. त्या फ्योर्डमध्ये सामनपालनाचे पिंजरे तर चालतच नाहीत. २०२१ मध्येच रानटी सामन नॉर्वेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्याकडे चाललेल्या जातींच्या यादीत, चढला.

आणि 'पारंपरिक हक्क' म्हणताना जरा जपून. नॉर्वेच्या बाजूला जाळ्याचा हक्क १८८८ चा कायदा आणि १९११ च्या नियमांनी शेतीला बांधलाय. वर्षाला किमान २००० किलो चारा कापणारा जाळं लावणार. चारा नसलेल्या सामीला तेव्हाही जाळं नव्हतंच.

उत्तरवारा

हा चाऱ्याचा नियम सामींनी केला होय? तो सरकारचा. रेनडिअरमागे फिरणाऱ्यानं दोन टन चारा कुठून कापावा? तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. आणि २०२२ मध्ये फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं याच खोऱ्यातल्या उपनद्यांत नियमाबाहेर मासे धरणाऱ्या सामींना निर्दोष सोडलं. आदिवासींची संस्कृती जपण्याचा राज्यघटनेतला हक्क वरचढ ठरला.

शंकेखोर

एवढं रडगाणं कशाला? नॉर्वे वर्षाला दहा लाख टनांहून जास्त सामन पिंजऱ्यांत वाढवतं. सामींनी तो विकत घ्यावा. कुणी उपाशी मरत नाहीये.

हर्णैकर

शंकेखोर, उद्या पापलेट महागलं तर आम्हाला बासा खायला सांगाल. असो.

उत्तरवाराशीही माझं पटत नाही. बंदी म्हणजे परक्यानं लादलेलीच असते असं नाही. आमच्याकडे सरकारची १ जून ते ३१ जुलै आहे, पण त्याआधीपासून आजा नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटू द्यायचा नाही. मासा वीण घालतो तेव्हा थांबायचं हे मच्छीमाराला कुणी शिकवायला नको.

फरक असा, की आमची बंदी कधी उठणार ते कॅलेंडरवर छापलेलं असतं. तेवढ्यात जाळी तुणायची, होड्या डागडुजायच्या. ज्या बंदीला तारीख नाही, तिच्यात जाळं माळ्यावर जातं आणि उंदीर खातात.

शंकेखोर

बरं, मग तो कुबडा सामन धरू दे त्यांना. सोव्हिएत लोकांनी पॅसिफिकमधून आणून कोला द्वीपकल्पाकडच्या नद्यांत सोडला तो. २०१७ पासून दर विषम वर्षी झुंडीनं घुसतो, अंडी घालतो, मरतो, कुजतो. त्याला कोण वाली आहे?

उत्तरवारा

शेवटी कामाचं बोललात! २०२३ ला सरकारनं नदीच्या खालच्या अंगाला खास त्याच्यासाठी कुंपण आणि सापळा लावला. अपेक्षेइतकं काम झालं नाही. पाणी ओळखणारी माणसं शेजारीच राहतात, त्यांना आधी विचारलं असतं तर?

अळूवडी

जाळ्यात कुबडा आणि आपला असे दोन्ही येणार, तेव्हा खरा मासा जिवंत सोडता आला पाहिजे. बुओद्दूपाशी माणूस उभा असेल तर ते जमू शकेल. म्हणून माझी मर्यादा सांगते: बऱ्या स्थितीतल्या खालच्या उपनदीत, गावाचा मिळून एक बुओद्दू, जुलैच्या मध्यानंतर, मासे मोजून. याला हरकत नाही. गोल्गादातला मात्र नाहीच.

उत्तरवारा

गोल्गादात सोडायला मी तयार आहे, पण मी कोण? ते सामींनी ठरवायचं. 'गावाचा मिळून एक' हेसुद्धा.

हर्णैकर

जुलैच्या मध्यानंतर कूड घालून काय मिळणार हो? मोठा मासा वर गेलेला असणार ना तोवर?

उत्तरवारा

बहुतेक गेलेला असतो. तेव्हा चढतो तो दिद्दी, किलो-दोन किलोचा.

हर्णैकर

मग पोरांना शिकायला चालेल. मी पण पाग टाकायला बोयटांवरच शिकलो. पहिल्या वर्षी दोन मिळाली, त्यातलं एक मांजरानं नेलं.