'टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

मेधा
एका लेखाचा अनुवाद करतेय. ऑनलाइन गटांमधून तरुण मुलांना 'पुरुष कसा असावा' हे जे शिकवलं जातं, त्यावरचा लेख आहे. बरेच जण 'विषारी पुरुषत्व' लिहितात, म्हणून मीही तेच लिहिलं. पहिला मसुदा माझ्या १७ वर्षांच्या भाच्याला वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "मावशी, म्हणजे मी पुरुष आहे हेच विषारी का?" मी परोपरीने समजावलं, पण त्याने कागद बाजूला ठेवला तो ठेवलाच. ज्याने वाचावं म्हणून धडपड चाललीय तोच दुसऱ्या ओळीवर उठून जात असेल, तर शब्द चुकलाय असं मला वाटतं. सुचवा.

श्रीनिवास
मेधाताई, भाच्याचं कान देऊन ऐका. मराठीत 'पुरुषत्व' शरीराला चिकटलेलं आहे. 'त्याचं पुरुषत्व गेलं' म्हटलं की आधी वैद्यकीय अर्थच डोक्यात येतो. पुरुषत्व असतं किंवा नसतं. त्यामागे 'विषारी' लावलं की विष अंगातच आहे असा अर्थ होतो.

'मर्दानगी'ची क्रियापदं बघा: दाखवणं, गाजवणं, सिद्ध करणं. तिला समोर बघणारं कोणीतरी लागतं. एकट्याने खोलीत बसून कोणी मर्दानगी गाजवत नाही. फारसीतून आलेला शब्द आहे, त्याच घरातली 'मर्दुमकी'. तीही गाजवायचीच असते. हे गट मुलांना नेमकं हेच विकतात: आज सिद्ध केलीस तरी उद्या पुन्हा करावी लागेल अशी गोष्ट. त्यामुळे माझं मत 'मर्दानगी'ला.

'पुरुषार्थ' मात्र यात ओढू नका. "दुबळ्यावर हात उगारण्यात कसला पुरुषार्थ?" हे वाक्य आपल्याकडे तयार आहे, आणि ते या सगळ्याला चोख उत्तर आहे. तेवढा शब्द चांगल्या कामाला राहू द्या.

एक माहिती अनुवादात तळटीप म्हणून घालता येईल. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग पुरुषांनीच रूढ केला. १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत पुरुषांची एक चळवळ होती. रानात शिबिरं भरवून ते वडील, दुःख, एकटेपणा यांवर बोलत. सगळं पुरुषपण वाईट नाही, त्यातला अमुक भाग घातक आहे, हे सांगायला त्यांनी 'टॉक्सिक' हे विशेषण वापरलं. ते वेगळेपण दाखवणारं विशेषण होतं, सरसकट शिवी नव्हती. २०१८ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाने 'टॉक्सिक' हा वर्षाचा शब्द निवडला, तोवर मूळ अर्थ पुसट झाला होता.

वैशाली
मी समुपदेशक आहे. या गटांतले शब्द रोज माझ्यासमोर बसतात, म्हणून लिहिते. एका मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या चेहऱ्याची मापं लिहून आणली होती. जबड्याची रुंदी, डोळ्यांमधलं अंतर, खाली उंची. सगळ्यात खाली स्वतःला दिलेले गुण: दहापैकी तीन. दोनदा गिरवलेले. त्या गटात त्याला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं की तुझं दुखणं खरं आहे आणि त्याला नाव आहे. मुलं तिकडे खेचली जातात ती आधी या नावामुळे. द्वेष मागाहून येतो.

'इन्सेल'चंच बघा. कॅनडातल्या एका विद्यार्थिनीने १९९७ साली जोडीदार न मिळालेल्या एकाकी लोकांसाठी संकेतस्थळ सुरू केलं. त्यात स्त्रिया होत्या, पुरुष होते. इच्छा असूनही एकटं राहावं लागणं, एवढाच अर्थ. एकमेकांना धीर द्यायला केलेला शब्द पुढे स्त्रीद्वेष्ट्यांनी बळकावला. २०१८ साली टोरोंटोत एकाने पादचाऱ्यांवर व्हॅन घातली, त्याआधी त्याने 'इन्सेल बंड' सुरू झाल्याची पोस्ट टाकली होती. 'अविवाहित' किंवा 'ब्रह्मचारी' असा अनुवाद कृपा करून करू नका. शब्द तसाच ठेवा आणि त्याचं काय झालं ते सांगा.

'अल्फा'ची, म्हणजे सगळ्यांवर वर्चस्व गाजवणाऱ्या नराच्या कल्पनेचीही तीच गत. १९४७ साली प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर निरीक्षणं लिहिली. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एका आवारात डांबले तर भांडणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने 'भांडून वर येतो तो अल्फा' ही कल्पना घरोघरी नेली. पुढे रानातले कळप पाहून त्यांनीच १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आणि पुढे चालणारे ते आईबाप. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. मी हे मुलांना सांगते. 'बीटा', म्हणजे अल्फाच्या खालचा, म्हणून स्वतःला हिणवणारा मुलगा "म्हणजे अल्फा म्हणजे बाबा?" असं विचारतो, तेव्हा त्याचा चेहरा सैल पडलेला दिसतो.

मकरंद
'मर्दानगी' पटलं. पण 'विषारी' का? विषारी साप, विषारी वायू, विषारी दारू: विष त्या वस्तूच्या घडणीतच असतं. माणसाच्या बोलण्यावागण्यातल्या विषाला आपल्याकडे 'विखारी' आहे. विखारी टीका, विखारी प्रचार. तो कोणीतरी पसरवतो, म्हणून थांबवताही येतो. 'विखारी मर्दानगी' म्हटलं तर मेधाताईंच्या भाच्यालाही आपल्यावर बोट रोखल्यासारखं वाटणार नाही.

आणि 'मॅनोस्फिअर'ला, म्हणजे या ऑनलाइन गटांच्या सगळ्या जाळ्याला, 'मर्दगोट' कसं वाटतं? 'गोटातली बातमी' आपण म्हणतोच. गोटात शिरलं की बाहेरचा तो शत्रू, हेही त्यात येतं.

वैशाली
'मर्दगोट' छान. 'विखारी' मात्र अर्धंच पुरतं. त्यात दुसऱ्याबद्दलचा आकस आहे. जो माणूस कोणाचंही वाईट करत नाही, पण छातीत कळ आली तरी दवाखान्यात जात नाही, कारण 'मर्दाला काय होतंय', त्याला विखारी कसं म्हणू? "पोरीसारखा रडतोस काय" हे ऐकत वाढलेल्या मुलाने ते आत जिरवलेलं असतं. तिथे मी 'मर्दपणाचं दडपण' म्हणते. ओझंही चालेल, पण दडपणात कोणीतरी वरून दाबतंय हे येतं.

श्रीनिवास
दोन शब्द वापरले तर वाचक गोंधळेल. इंग्रजीत एकच आहे.

वैशाली
इंग्रजीत एकच आहे म्हणून तर तिकडे इतकी वर्षं भांडण चाललंय. आपल्याकडे दोन होत असतील तर होऊ देत.

मेधा
सगळ्यांचे आभार. गटांविषयीच्या भागात 'विखारी मर्दानगी' लिहिते, घरातल्या वाढवणुकीच्या भागात 'मर्दपणाचं दडपण'. 'रेड पिल'ला मी 'डोळे उघडणं' लिहिलं होतं, ते काढलं. १९९९च्या 'द मॅट्रिक्स' चित्रपटातली ती सत्य दाखवणारी लाल गोळी, पण या गटांत तिचा अर्थ 'बायका अशाच असतात' एवढाच उरलाय. डोळे उघडणं हा फार चांगला शब्दप्रयोग आहे, त्यांना तो फुकट कशाला द्यायचा? 'रेड पिल'च ठेवते.

सुधारलेली दोन पानं काल रात्री भाच्याच्या टेबलावर ठेवली. सकाळी पाहिलं तर 'दडपण' शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. अजून काही बोललेला नाही. मीही विचारलेलं नाही.