विषय: ट्रायोचा पियानो – ट्यूनिंग सकाळी की दुपारी?

मंडळी,
ट्रायोच्या (पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांच्या) पियानिस्ट बाईंची मेल आली आहे. त्यांचा एकच प्रश्न आहे: पियानो मंचावर जागेवर बसवल्यावर ट्यूनिंग होणार की त्याआधी? आपल्या तक्त्यात ट्यूनर सकाळी १० ला आहे आणि पियानो विंगेतून मंचावर येतो ३ ला, कारण तोवर नाटकाची तालीम. मला आज रात्री उत्तर पाठवायचंय. मंचवाले, बोला.
– कार्यक्रम समिती

ताई,
तक्ता बैठकीत सगळ्यांसमोर ठरलाय, आता नाटकवाल्यांना हलवणार नाही. पियानोला चाकं आहेत. विंगेत ट्यून करून चार हात पुढे ढकलला तर काय बिघडतं? शिवाय वाजवणारे विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, सांभाळून घेतील.
– मंच

दादा, सपाट फरशीवर सावकाश ढकलल्यानं सूर उतरत नाही, हे खरं. उतरतो तो हवा बदलल्यानं. विंगेत गारवा, मंचावर दिव्यांची धग. पियानोत २३० च्या आसपास तारा. मधल्या आणि वरच्या पट्टीत एकेका सुराला तीन-तीन. धग लागली की तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो, आणि तिन्ही सारख्या उतरत नाहीत. मग एकच पट्टी दाबली तरी सूर लाटांसारखा हलतो. तारांखालची लाकडी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, पण हळूहळू, तासा-दिवसांत. म्हणून ट्यूनिंगच्या वेळी मंचावर संध्याकाळचेच दिवे आणि संध्याकाळचाच एसी हवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत स्थिर राहिली तर उत्तम.

दुसरं, आधी कोणीतरी मधला ए (ज्यावरून सगळे सूर लावतात) तपासा. ४४० हर्ट्झऐवजी ४३६ निघाला तर पियानो जवळजवळ १६ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली आहे. तेवढा एका दिवसात वर ओढला तर ताण वाढून आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. अशा वेळी चार-पाच दिवस आधी एक कच्चं ट्यूनिंग, आणि त्या दिवशी पक्कं. तेही जमत नसेल तर ४३८ वरच, पण आपल्याआपल्यात सुरेल ठेवायला सांगा. व्हायोलिन आणि चेलो खाली येऊ शकतात, पियानोचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही.

आणि प्राध्यापक म्हणून सांभाळून घेतील, हे मान्य नाही. पियानिस्ट मेनाहेम प्रेसलर १९५५ पासून इंडियाना विद्यापीठात शिकवत होते आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या बोझार ट्रायोत २००८ पर्यंत वाजवत होते. विद्यापीठाचा ट्रायो म्हणजे पूर्ण व्यावसायिक काम. बेसूर पियानो त्यांनाही सुरेल करता येत नाही.
– वाद्यं

वाद्यांच्या मेलवर: दिवे आमच्याकडे असतात, ते तालमीला पूर्ण लावता येतील. पण माइकचं कोणी बोललं नाही. मी तिघांना प्रत्येकी एक आणि पियानोच्या पोटात दोन धरले आहेत. नेहमी हॉलच्या मागून 'ऐकू येत नाही' अशी तक्रार माझ्याकडेच येते.
– ध्वनी

काका, या तिघांना स्पीकर नकोच. चेलोचा आवाज स्पीकरमधून एका बाजूनं आला की ट्रायोचा तोल गेलाच. मेंडेल्सोनच्या डी मायनर ट्रायोत (१८३९) सुरुवातीलाच धून चेलोकडे आहे आणि खाली पियानोचे अडखळते कॉर्ड. तिथे चेलो पुढे ठेवणं हे पियानिस्टच्या बोटांचं काम आहे.

उलट तुमची खरी गरज आहे ती शांततेसाठी. उत्तरार्धात शोस्ताकोविचचा दुसरा ट्रायो (१९४४) आहे. तो एकट्या चेलोच्या हार्मोनिक्सनी (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेल्या सुरांनी) सुरू होतो: म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावलेले, अतिशय उंच, शिट्टीसारखे बारीक सूर. नंतर येणारं व्हायोलिन त्याच्या खाली वाजतं. एसीचा पंखा घरघरला तर पहिलं पान गेलं. त्या आधी पंखा सर्वांत कमी गतीवर हवा, बंद मात्र नको, नाहीतर पियानोचा सूर पुन्हा हलेल. निवेदनाचा एक माइक आणि रेकॉर्डिंगची जोडी पुरे.

बैठक: पट्ट्या प्रेक्षकांच्या डावीकडे, म्हणजे झाकण हॉलकडे उघडतं. व्हायोलिन डावीकडे पुढे, चेलो पियानोच्या वळणापाशी. झाकण पूर्ण उघडायचं की अर्धं, हे तालमीत त्यांनाच ठरवू द्या. अर्धं ठेवल्यानं आवाज फारसा कमी होत नाही, खर्ज मात्र गढूळ होतो. चेलोला हात नसलेली, सपाट बैठकीची खुर्ची द्या, घडीची नको. चेलोची खालची टोकदार सळई गुळगुळीत लाकडावर सरकते. ती अडवायला त्यांच्याकडे पट्टा असतोच, तरी विचारा.
– वाद्यं

झाकण बंद ठेवलं तर? चेलो नक्की ऐकू येईल.
– खजिनदार

बंद झाकणानं वरच्या पट्टीचे सूर बोथट होतात, मग पियानिस्ट जोर लावतो आणि चेलो पुन्हा दबतो. नको.
चेलोची अडचण आवाजापेक्षा सुराची. ए पियानोवरून घेऊन खाली शुद्ध पंचमांनी (तंतोतंत जुळणाऱ्या सा-प अंतरांनी) गेलं तर सर्वांत खालची सी तार पियानोच्या सीपेक्षा सुमारे ६ सेंट उतरते. पेटीवर गाणाऱ्याला ही ओढाताण माहीत आहे. म्हणून चेलोवादक पंचम किंचित आवळून लावतात. रंगमंचावर येऊन ते मिनिटभर सूर लावत बसले तर निवेदकांनी मध्ये बोलू नये.
– वाद्यं

नाटकवाल्यांशी बोललो. पियानो सकाळी ९ लाच मंचावर मागे, झाकून. तालीम पुढच्या अर्ध्या भागात, १ ला बंद. मग पियानो जागेवर आणून चाकं लॉक. ट्यूनर १.३० ते ३.३०, दिवे पूर्ण, हॉल रिकामा, त्या वेळात माइक टेस्ट नाही, व्हॅक्यूम नाही. ३.३० ला ट्रायोची तालीम. मध्यंतरात ट्यूनरला १० मिनिटं, हललेल्या तारांसाठी.
– मंच

छान, हेच कळवते. पानं उलटायला कोण? बाई छापील प्रत वापरतात. डावीकडे बसून, उभं राहून, वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, आणि स्वरलिपी वाचता यायला हवी. नावं आज पाठवा.
– कार्यक्रम समिती