साइटवरचा प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधूनच यावा का?

रेपोराखण
माझं मत स्पष्ट आहे. स्वयंसेवकांच्या मुक्तस्रोत प्रकल्पाची साइट कोडसारखीच गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असावी. प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे इतरांनी तपासून मंजूर करायच्या प्रस्तावातून, यावा. मजकूर मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकूर-फाइलींत, लिहायचा, त्यातून पानं ह्यूगो किंवा जेकिल या साधनांनी बनवायची (यालाच बिल्ड म्हणतात) आणि मुख्य ब्रांचवर, म्हणजे साइट जिच्यातून बनते त्या प्रतीवर, थेट लिहायची मुभा प्रमुखांनाही द्यायची नाही. नवी आवृत्ती निघते तेव्हा डाउनलोडचं पान, चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा), इन्स्टॉलेशनच्या सूचना आणि मुखपृष्ठावरचा क्रमांक एकदमच बदलायला हवा. वेगळ्या ब्रांचमध्ये हे आधी तयार ठेवता येतं आणि एका मर्जमध्ये, म्हणजे मुख्य प्रतीत एकदाच मिसळून, बाहेर पडतं. विकीत एकेक पान जतन करावं लागतं. तेवढ्यात कोणी आलं तर त्याला जुनी फाइल आणि नवा चेकसम मिळतो, मग फाइलमध्ये कोणीतरी काही घुसवलंय अशी शंका त्याने घेतली तर त्याची चूक काय?

पानदुरुस्ती
आवृत्तीच्या दिवसापुरतं मान्य. पण एरवी साइटचं काम म्हणजे शुद्धलेखन, मेलेले दुवे, जुने स्क्रीनशॉट. ते करणारी माणसं प्रोग्रामर नसतात. समजा एखादीने पानाच्या डोक्यावर एवढंच लिहिलं:

टायटल: आवृत्ती ४: काय नवीन

शीर्षकाला अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून दुसऱ्या कोलनपाशी याम्ल, म्हणजे पानाच्या डोक्यावरची माहिती लिहायची ठरावीक पद्धत, अडतं. ह्यूगोचा बिल्ड तिथेच थांबतो. जेकिल मूळ सेटिंगमध्ये नुसता इशारा देऊन पुढे जातो, म्हणजे चूक कोणाच्या नजरेलाही पडत नाही. आणि थांबला तरी जो संदेश दिसतो तो याम्ल माहीत असणाऱ्यालाच कळतो. लिहिणारीला वाटतं, आपण साइट मोडली, आणि ती परत येत नाही. त्यात मंजुरी देणारे दोघेच असले की एका शब्दाची दुरुस्ती महिनाभर पडून राहते. विकीत तेच काम दोन मिनिटांचं आहे, आणि चुकलं तर पानाचा इतिहास आहेच.

रेपोराखण
मंजुरीचा खोळंबा खरा आहे, पण त्याचं मूळ गिटमध्ये नाही, अधिकार वाटून न देण्यात आहे. गिटहबवर (गिटमधले प्रकल्प ठेवायची सेवा) कोणत्या फाइलींना कोणी मंजुरी द्यायची ते कोडओनर्स फाइलमध्ये लिहितात. तिथे मजकुराचा फोल्डर लेखन गटाकडे द्या, थीम आणि बिल्डच्या फाइली तांत्रिक गटाकडे ठेवा. यात एक चूक सर्रास होते. त्या फाइलमध्ये शेवटची जुळणारी ओळ लागू होते, त्यामुळे सगळ्यांसाठीची ओळ तळाशी लिहिली की वरच्या ओळी निकामी होतात आणि स्वल्पविरामसुद्धा तांत्रिक गटाच्या रांगेत जाऊन बसतो. ती ओळ सर्वात वर हवी. शिवाय लेखन गटाला रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या गिटमधल्या साठ्यात, लिहिण्याचा अधिकार नसेल तर त्याचं नाव धरलंच जात नाही.

फॉर्मवाली
दोघांच्या मधली वाट आहे. डेकॅप सीएमएस हे मजकूर बदलायचं साधन ब्राउझरमध्ये फॉर्म दाखवतं आणि ‘एडिटोरियल वर्कफ्लो’ चालू केला तर मागे स्वतःच पुल रिक्वेस्ट उघडतं. शीर्षकाच्या चौकटीत कोलन लिहिला तर अवतरणचिन्हं तेच घालतं. रेपोचा अधिकार नसलेल्यांसाठी फोर्क, म्हणजे रेपोची त्यांची स्वतःची प्रत, करून देण्याची सोयही त्यात आहे. फक्त लिहिणाऱ्याला गिटहबचं खातं लागतं.

भाषांतरगट
तुम्ही सगळे एकाच भाषेचा विचार करताय! भाषांतरं हाताने पुल रिक्वेस्टमधून घेऊ नका. मूळ पान बदललं हे दुसऱ्या भाषेतल्या मार्कडाऊन फाइलला कळत नाही. ती जुनी सूचना तशीच दाखवत राहते. पीओ फाइलमध्ये मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीने असतं. तिथे मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर ‘फझी’ची (पुन्हा तपासायला हवं, अशी) खूण बसते आणि काय राहिलंय ते दिसतं. वेबलेट हे भाषांतराचं साधन लावलंत तर त्याच्या पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) एकात गुंडाळून, मर्ज करू नका. त्याच्याकडचे कमिट आणि तुमचा एक गोळा कमिट यांची सांगड गिटला लागत नाही आणि पुढच्या वेळी बदल एकमेकांशी जुळत नाहीत, गिट ‘संघर्ष’ दाखवून अडतं. साधा मर्ज करा.

किल्लीदार
मजकुराची पद्धत नंतर बदलता येते. डोमेन एकाच माणसाच्या खाजगी खात्यावर असेल आणि तो संपर्काबाहेर गेला, तर नूतनीकरण चुकतं आणि गिटमध्ये सगळं असूनही साइट जाते. रजिस्ट्रार (जिथे डोमेन नोंदवलंय ती कंपनी) आणि डीएनएस (कोणतं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ती यादी) दोन्हीकडे किमान दोघांची स्वतंत्र लॉगिन ठेवा आणि रिकव्हरी कोड तिसऱ्याकडे द्या. बंद केलेल्या होस्टिंगकडे बोट दाखवणारी सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी) नोंद त्याच दिवशी काढा, नाहीतर ते रिकामं नाव दुसरा कोणीतरी घेतो आणि तुमच्या उपडोमेनवर स्वतःचं पान लावतो.

आणि रेपोराखण, प्रिव्ह्यूसाठी फोर्कमधला कोड गिटहबच्या ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ ट्रिगरने (पुल रिक्वेस्ट आली की काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीने) बिल्ड करत असाल तर आजच थांबवा. त्या ट्रिगरला रेपोची गुपितं, म्हणजे त्यात साठवलेले पासवर्ड आणि किल्ल्या, मिळतात. म्हणजे अनोळखी माणसाचा कोड तुमच्या डिप्लॉयच्या (साइट सर्व्हरवर चढवायच्या) किल्ल्यांसकट चालतो. साध्या ‘पुल रिक्वेस्ट’ ट्रिगरमध्ये फोर्कला ती गुपितं मिळत नाहीत. तिथे बिल्ड करा आणि तयार पानं आर्टिफॅक्ट (त्या कामातून साठवून ठेवलेली फाइल) म्हणून ठेवा.

पानदुरुस्ती
लेखन गटाला मर्जचा अधिकार आणि वर फॉर्म, एवढं मिळालं तर मुख्य पानं गिटमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. पण वापरकर्त्यांच्या युक्त्या आणि अडचणींवरचे उपाय विकीतच राहू द्या. तिथे मंजुरी लावलीत तर कोणी लिहिणार नाही.

रेपोराखण
राहू देत. मात्र इन्स्टॉलेशनचे आदेश विकीत नकोत. लोक ते न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवतात आणि तिथली ओळ कोणीही बदलू शकतो. विकीतून अधिकृत पानाचा दुवा द्या. एवढ्या एका बाबतीत मी मागे हटणार नाही.