बाँडवरच्या घरांना बी खाता का नाही?

येळ्ळूर रोडवाला

फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळूरहून हुकूम निघाला, शहरांतल्या विनापरवाना मालमत्तांना बी खाता, म्हणजे महापालिकेच्या दफ्तरी कराची वेगळी नोंद, द्या, तीन महिन्यांची मोहीम घ्या. मुदत पुढं वाढली. इथं बेळगावात लोक कागदांच्या पिशव्या घेऊन धावले. खरं अट किती जणांनी वाचली? 10 सप्टेंबर 2024 च्या आधीचं नोंदणीकृत खरेदीपत्र पाहिजे. वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, कणबर्गी या बाजूला शेतात जी घरं उठली, त्यातल्या कितीजणांकडं खरेदीपत्र आहे? आहे तो बाँड.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्यानं सर्व्हे नंबर फाळून गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले. एन.ए. (बिगरशेती परवाना) नाही, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी नाही. शेताचा तुकडा सब-रजिस्ट्रारकडं नोंदवायचा तर 11-ई नकाशा (त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा) लागतो, तो असल्या प्लॉटला मिळत नाही. शिवाय 2020 पर्यंत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कायद्याचीच आडकाठी होती. मग स्टॅम्प पेपरवर लिहायचं, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, पैसे रोख. हाच बाँड. शेजाऱ्याचा बाँड मी वाचलाय. प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या कपाटात ठेवलाय. चतुःसीमेत लिहिलंय, 'पूर्वेस वीस फुटी रस्ता'. आज तिथं रिक्षा वळत नाही!

यातले बरेच जण घरपट्टी भरतात, लाईट बिल भरतात. माझं म्हणणं एवढंच: घरपट्टीची जुनी पावती आणि मीटरचं बिल पुरावा धरा आणि त्यांनाही बी खाता द्या. पहिल्या वर्षी दुप्पट कर घ्यायचाय ना? यांच्याकडूनही घ्या. महापालिकेत 58 नगरसेवक आहेत, एक ठराव करून सरकारकडं धाडायला काय जातंय?

शिवारातला

जातंय आमचं. बळ्ळारी नाल्याच्या खालच्या अंगाला माझं भात आहे. ऑगस्ट 2019 चा पूर सगळ्यांनी पाहिला. पाणी उतरल्यावर शेतात काय सापडलं सांगू? थर्माकोल, औषधाच्या बाटल्या, कोणाच्या तरी बाथरूमचं दार. लोंब्या चिखलात झोपलेल्या. नाल्याला फुगायला दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा होती, तिथंच तुमचे गुंठे पडलेत. आज यांना खाता दिला की उद्या पुढच्या शेतात खडू पडतो, "घ्या ओ, सरकार पुन्हा देणारच" म्हणून. बेळगाव बासमतीचं शिवार असंच संपत आलंय.

येळ्ळूर रोडवाला

गुंठे विकले कोणी, दादा? हलगा-मच्छे बायपासला जमीन देणार नाही म्हणून आंदोलन करायचं, आणि त्याच शिवारात एजंटाला घेऊन फिते टाकायचे.

शिवारातला

बायपासविरुद्ध कोर्टात गेलेले वेगळे, विकणारे वेगळे. आता एकाच घरात असे दोन भाऊ आहेत, हेही खरं. विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण तुमच्या ठरावानं त्यालाही पावन करून सोडताय की! फसवणारा सुटला, घेणाऱ्याला खाता मिळाला, आणि पाणी माझ्या भातात.

काळा कोट

दोघंही भावनेवर बोलताय. कायदा बघा. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम 54 मध्ये आहे. नोंदणी कायदा तर 1908 चा. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी जात नाही. सरकारदरबारी त्या जमिनीचा मालक आजही उताऱ्यावर ज्याचं नाव आहे तोच. महापालिकेनं बाँड बघून खाता दिला आणि मूळ मालक कोर्टात गेला, तर उत्तर कोण देणार?

शहापूरचा रस्ता विसरलात काय? भूसंपादन न करता स्मार्ट सिटीच्या कामात खाजगी जागेतून रस्ता काढला, प्रकरण हायकोर्टात गेलं, 20 कोटींच्या भरपाईचा आकडा अंगावर आला आणि केलेला रस्ता उखडून 2024 मध्ये जागा मालकाला परत देण्याची पाळी आली. दुसऱ्याच्या मालकीला हात लावला की असं होतं.

आणि बी खाता म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, हा समज आधी काढून टाका. ती कर घेण्यासाठीची नोंद आहे. दंड भरून बेकायदा बांधकाम नियमित करायच्या अक्रम-सक्रम योजनेला सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिली.

टिळकवाडी जुनी

आम्ही मूर्ख ठरलो म्हणायचं. मंजूर लेआऊटमधला प्लॉट घ्यायचा म्हणून दहा वर्षं भाड्यानं राहिलो, विकासशुल्क भरलं, रस्ता आणि बागेसाठी सोडलेल्या जागेची किंमत आमच्याच दरात होती. बाँडवाल्यानं निम्म्याहून कमी पैशात तेवढीच जागा घेतली. आता त्याच्या गल्लीत गटार नाही म्हणून मोर्चा आला, की ते गटार आमच्या पट्टीतून. दया कुणाला येत नाही असं नाही हो, पण नियम पाळणाऱ्याला कधीतरी काहीतरी मिळू दे की.

अनगोळची सून

निम्म्या पैशात घेतली कारण तेवढेच होते! माझे सासरे पॉवरलूमवर होते. बुडाच्या प्लॉटला अर्ज करायची त्यांची ऐपत कुठली? आणि बुडानं तरी गरिबाला परवडेल अशी किती जागा काढली? कणबर्गीची स्कीम वर्षानुवर्षं शेतकरी, कोर्ट आणि कार्यालय यांच्यात लोंबकळली. मग माणसानं राहायचं कुठं?

आमच्यासारख्यांचा खरा त्रास सांगते. ज्यांनी जागा दिली ते वारले. उताऱ्यावर आता तीन मुलगे आणि दोन मुलींची नावं चढली. त्यातला एकजण दर दिवाळीला येतो, "सही पाहिजे तर आजच्या दरानं फरक द्या" म्हणतो. खाली साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे बाँडवर. लेकाला शिक्षणाचं कर्ज काढायचं तर घर तारण चालत नाही. वर एक खोली चढवली, तिला वेगळा मीटर मागितला तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणा म्हणाले, डिसेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला. ओसी कुठून आणू? आमचा नकाशाच मंजूर नाही.

कॅम्पातला

अर्ज, नोटीस सगळं फक्त कन्नडमध्ये, त्यावर कोण बोलणार? आधी मराठीत परिपत्रकं मागा.

येळ्ळूर रोडवाला

मागतोच आहे, आजची मागणी नाही ती. खरं त्याचा वेगळा धागा काढा. आमच्या गल्लीत निम्मे बाँडवाले कन्नड बोलणारे आहेत आणि त्यांनाही खाता नाही.

वकीलसाहेब, मालकीचं तुमचं बरोबर असेल. पण मी मालकी मागतच नाही. बी खाता ही नुसती कराची नोंद, असं तुम्हीच म्हणता. मग नोंदीला खरेदीपत्र कशाला? कर घेताना बाँड चालतो, पावती देताना चालतो, नोंद करतानाच कसा चालत नाही?

काळा कोट

कारण ऑक्टोबर 2024 पासून ई-खात्याशिवाय (ऑनलाइन खात्याशिवाय) विक्रीची नोंदणी होत नाही. म्हणजे नोंद कराची असली तरी तिच्यावर पुढचा व्यवहार चढतो. बाँडवर खाता दिला की त्याच्या आधारे विक्री सुरू. एकच प्लॉट दोघा-तिघांना बाँडवर विकलेला असतो, ते तुम्हाला सांगायला नको. आणि ठराव करून उपयोग काय? अट राज्य सरकारची आहे.

येळ्ळूर रोडवाला

2005 मध्ये याच महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, सभागृह बरखास्त झालं. हा ठराव केला म्हणून कोणी बरखास्त करणार नाही. पाठवू देत की. विक्रीची भीती असेल तर खात्यावरच शिक्का मारा, 'हस्तांतरास अपात्र'. राहत्या घराला, एक कुटुंब एक घर, एवढ्यापुरतं द्या.

शिवारातला

त्यात आणखी एक घाला. नाल्याच्या काठची घरं वगळा. आधी नाल्याची मोजणी करा, दोन्ही बाजूंना दगड रोवा, मग खात्याचं काढा. तेवढं ठरावात लिहिणार असाल तर माझी हरकत मागे.

येळ्ळूर रोडवाला

काठावरच्यांना हाकलायचं कुठं, तेही लिहा मग.

शिवारातला

ते ज्यानं विकलं त्याला विचारा. त्याचा बंगला नाल्यापासून लांब आहे.

काळा कोट

अनगोळच्या ताई, ठरावाची वाट बघू नका. त्या सर्व्हे नंबरचा उतारा आणि ईसी (बोजाचा दाखला) आजच काढून घ्या, त्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे काय ते बघा. बाँडची मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. दिवाळीला येणारा तो मुलगा साक्षीदार म्हणून सही करून बसलाय ना? मग त्याला वकिलाची नोटीस धाडा. पाचही वारसांना धाडा. सामोपचारानं सह्या मिळतात का बघा, नाहीतर दावा घालावा लागेल, आणि दाव्याला मुदत असते.

अनगोळची सून

मुदत कधीपासून धरायची? बाँड 2003 चा आहे.